एस, टी, आर असलेले शब्द

माझी बायको कुसुम बारा जानेवारीला गेली. तेव्हा वाचनालयातल्या फळ्यावर तिने लिहिलेली तीन अक्षरं होती. एस, टी, आर.

हे वाचनालय कारखान्याच्या टाउनशिपमधल्या महाराष्ट्र मंडळाचं आहे. दोन खोल्या, बाहेर कडुनिंब. दर महिन्याच्या एक तारखेला कुसुम फळ्यावर तीन इंग्रजी अक्षरं लिहायची. ती तिन्ही ज्यांत येतात असे शब्द शोधायचे. पुढे येवोत, मागे येवोत, मध्ये दुसरी अक्षरं असोत, चालतं. वीस तारखेपर्यंत यादी पेटीत टाकायची. मग कुसुम एकेक शब्द आमच्या घरच्या डिक्शनरीत बघायची. सापडला तर शेजारी पेन्सिलीचा ठिपका, नाही तर आडवी रेघ. जिचे ठिपके जास्त तिला स्टीलचा डबा. निकालाखाली ती प्रत्येक वेळी एकच ओळ लिहायची: निर्णय पुस्तकाचा.

हे सव्वीस वर्षं चाललं. मी रिटायर झालो, क्वार्टर सोडलं, आम्ही टाउनशिपबाहेर अवधपुरीत घर बांधलं, तरी ती एक तारखेला ऑटो करून टाउनशिपमध्ये जायची. सुरू केलं तेव्हा कारण वेगळं होतं. लेडीज क्लबात ऑफिसरांच्या बायका इंग्रजी बोलायच्या आणि आमच्या वर्कर लोकांच्या बायका भिंतीला खुर्च्या लावून बसायच्या. कुसुम म्हणाली, बोलायला लाज वाटते ना, मग बोलू नका. नुसते शब्द शोधा.

तेराव्यानंतर मीना, माझी मुलगी, बडोद्याला परत गेली. जाताना तिने डाळ-तांदळाच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मी सकाळी खिचडी करायचो आणि दोन्ही वेळा तीच खायचो. एकदा शेजारचे आले आणि म्हणाले, काका, एवढ्या थंडीत पंखा का लावलाय? मी वर बघितलं. चालू होता. केव्हापासून ते मला माहीत नव्हतं.

सत्तावीस तारखेला मंडळाचे सेक्रेटरी विश्वनाथ माटे आले. हातात ती पेटी होती.

"हे तुमच्याकडे द्यावं असं ठरलं," ते म्हणाले. "सतरा याद्या आहेत. यावेळी निकाल रद्द करू. फळा मी पुसून टाकतो."

"पुसू नका," मी म्हणालो.

"मग?"

"निकाल मी लावतो."

मी आठवीपर्यंत बऱ्हाणपूरला शिकलो, मग आयटीआय, मग चौतीस वर्षं कारखान्यात विजेच्या मोटारींच्या वाइंडिंग शॉपमध्ये, तारेच्या कॉइल गुंडाळायच्या कामाला. इंग्रजी अक्षरं वाचता येतात. शॉपमधले शब्द येतात. बाकी नाही.

"इंग्रजी शब्द आहेत, बाळकृष्णराव."

"पुस्तकात बघायचे आहेत फक्त. आहे की नाही एवढंच."

"चूक झाली तर बायका ऐकायच्या नाहीत हो. डब्यावरून महिनाभर बोलत नाहीत एकमेकींशी."

"चूक होणार नाही," मी म्हणालो. मला एवढंच हवं होतं. तिने लावला असता तसा निकाल लावायचा, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. दुसरं काही हवंसं वाटत नव्हतं.

मी रोज सकाळी टेबलाशी बसायचो ते दिवे लागेपर्यंत. एका तासात वीस-पंचवीस शब्द व्हायचे. मला अर्थ कळायची गरज नव्हती. पहिलं अक्षर, दुसरं अक्षर, तिसरं, बोट खाली सरकवत न्यायचं. सापडला की ठिपका. इंग्रजीत बहिणीला, मालकाला, पहिल्या नंबराला आणि विश्रांतीला जे शब्द आहेत त्या सगळ्यांत ही तीन अक्षरं आहेत हे मला अर्थ वाचला म्हणून कळलं. ते शब्द जवळजवळ प्रत्येक यादीत होते.

काम सोपं गेलं. सोळा याद्यांत मिळून मी फक्त नऊ शब्दांवर रेघ मारली. शकुंतला केळापुरेंच्या यादीत चव्वेचाळीस ठिपके होते, इंदुमती पळसोकरांच्या यादीत एकेचाळीस. मी मीनाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, जेवलात का?" मी म्हणालो, शकुंतलाबाई पुढे आहेत.

सतरावी यादी कांचन देवतळे या नावाची होती. हे नाव मला माहीत नव्हतं. क्वार्टर नंबर नवीन ब्लॉकमधला होता. अक्षर गोल, अठ्ठावन्न शब्द, समासाची रेघ आखलेली.

पहिला शब्द स्टार. सापडला नाही. दुसरा स्टार्ट. सापडला नाही. स्टोरी, स्ट्रीट, स्ट्राँग. एकही नाही. मला वाटलं माझा अक्षरांचा क्रम चुकतोय. मी ए पासून झेडपर्यंत मोठ्याने म्हटलं. क्रम बरोबर होता. मी स्टारवर हलकी रेघ मारली, स्टार्टवर मारली, अशा अकरा रेघा मारल्या.

बारावा शब्द होता स्टेटर.

मोटारीचा जो भाग फिरतो तो रोटर आणि जो जागेवर राहतो तो स्टेटर. चौतीस वर्षं मी स्टेटरमध्ये कॉइल भरल्या. आमच्या शॉपच्या भिंतीवर तो शब्द हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेला होता. मी पुस्तकात आधी रोटर काढला. होता. मग स्टेटरकडे आलो. नव्हता.

तेव्हा मी पानांचे आकडे बघितले. डाव्या हाताला बाराशे अठ्ठेचाळीस. उजव्या हाताला बाराशे पासष्ट. मधली सोळा पानं, एस-टीने सुरू होणाऱ्या शब्दांची, नव्हती. फाटलेली नव्हती, कापलेली नव्हती. नव्हतीच.

मी सोळा याद्या परत काढल्या. या वेळी ठिपके बघितले नाहीत, फक्त शब्दांची सुरुवात बघितली. कुणीही स्टार लिहिला नव्हता. कुणीही स्टोअर लिहिला नव्हता, आणि त्यांच्यातल्या चौघींचे नवरे कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. जिथे मोटारी तयार होतात त्या गावात सोळापैकी एकाही बाईला स्टेटर आठवला नव्हता. सोळाही याद्यांत बरोबर तेवढीच जागा रिकामी होती.

हे पुस्तक मी आणलेलं. ब्याऐंशी साली, जुन्या शहरातल्या एका रद्दीवाल्याकडून. पाठ निघालेली होती, पानांचे गठ्ठे सुटे झाले होते. कुसुमला इंग्रजी शिकायचं होतं. मी ते शॉपमध्ये नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत आपल्या पद्धतीने बांधलं. गठ्ठे दाबून धरले, कॉइलला गुंडाळतात ती सुती टेप पाठीवर चार पदरी लावली, वर वार्निश दिलं आणि कॉइलबरोबर ओव्हनमध्ये भाजून काढलं. सुरेश वाघाडे आमचा चार्जहँड, म्हणजे मुकादम, होता. तो म्हणाला, "गुरू, डिक्शनरीचं टेस्टिंग किती व्होल्टवर करायचं?" सगळं शॉप हसलं. पण बांधणी अशी झाली की तेवीस वर्षांची मीना त्यावर उभी राहून माळ्यावरचं सामान काढायची, तरी पान हललं नाही.

एक गठ्ठा बाकावर राहिला असेल. कुणी त्यावर डबा ठेवून जेवला असेल, किंवा हात पुसले असतील. मी आठवायचा प्रयत्न केला. मला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक पिशवीत घालून आणि ती सतरावी यादी हातात घेऊन मी इंदुमतीबाईंकडे गेलो. त्या कुसुमच्या सर्वांत जुन्या मैत्रीण. मूळच्या इंदूरच्या, आमच्या क्वार्टरच्या वरच्या मजल्यावर वीस वर्षं राहिल्या. आता त्याही अवधपुरीत, तीन गल्ल्या सोडून.

"भाऊजी, तुम्ही कशाला आलात? फोन केला असता तर मी आले असते."

मी पुस्तक त्या दोन पानांवर उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

"यात सोळा पानं नाहीत."

त्यांनी पुस्तकाकडे बघितलंसुद्धा नाही. "हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मला नव्हतं."

"तुम्हालाच तर सांगायचं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन पाणी घेऊन आल्या. मी पाणी प्यायलो. मग त्यांनी सांगितलं.

पहिल्याच वर्षी शकुंतलाबाईंनी स्टार्ट लिहिला होता. कुसुमने रेघ मारली. शकुंतलाबाई भर वाचनालयात उभ्या राहिल्या. "अगं कुसुम, आमच्या दारात रोज सकाळी स्कूटर स्टार्ट होते, लाथा मारून मारून होते, आणि तुझ्या पुस्तकात तो शब्द नाही?" बायका हसून लोटपोट झाल्या. कुसुम पुस्तक घेऊन खिडकीशी गेली. बराच वेळ पानं उलटत राहिली. परत आली ती लाल झालेली.

"म्हणाली, पानं गेलीत. ह्यांनी स्वतः बांधून आणलंय, ह्यांना कळता कामा नये. पुस्तकात नाही तो शब्द आपल्यात नाही. नियम सगळ्यांना सारखाच, मग काय बिघडलं?"

"नवीन आणता आलं असतं."

"मी म्हटलं होतं ना. म्हटलं, इंदूरहून आणते, माझ्या भावाचं पुस्तकांचंच दुकान आहे. तर म्हणाली, मग ह्या पुस्तकाचं त्यांना काय सांगू?"

"तिने सांगितलं असतं तर मी रागावलो नसतो."

"रागावला नसता हो. पण दाखवायचं बंद केलं असतं." इंदुमतीबाई थोडं हसल्या. "घरात कुणी आलं की तुम्ही ते पुस्तक एका पुठ्ठ्याला धरून लटकवायचात. बघा, एक पान हलत नाही. माझ्या जावयाला तर दोनदा दाखवलंत. कुसुम स्वयंपाकघरातून बघायची. आम्ही सगळ्या तिच्याकडे बघायचो."

मला ते आठवत होतं. लटकवलेलं पुस्तक आठवत होतं. दारातून बघणारी कुसुम आठवत नव्हती, कारण माझी पाठ तिकडे असणार.

"आणि नवीन कुणी आलं तर?"

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. वाण देताना कानात सांगायचं, एस-टीने सुरू होणारे शब्द लिहायचे नाहीत, का ते विचारायचं नाही. आतापर्यंत कुणी विचारलं नाही. यंदा हळदीकुंकू झालंच कुठे?"

"म्हणजे देवतळेबाईंना कुणी सांगितलं नाही."

"ती पोर नोव्हेंबरात आली नागपूरहून. कोण सांगणार?" त्यांनी तिची यादी माझ्या हातातून घेतली, वाचली. "बाप रे. एकतीस."

अठ्ठावन्नपैकी एकतीस शब्द त्या सोळा पानांवरचे होते. ते खोडले तर उरतात सत्तावीस, आणि शकुंतलाबाई जिंकतात. ते धरले तर कांचन जिंकते.

"कुसुमने खोडले असते," इंदुमतीबाई म्हणाल्या. "पण आधी तिच्या घरी जाऊन सांगून. तुम्ही नका काळजी करू, मी जाते आज. चांगली मुलगी आहे, सोडून देईल. आम्ही सोडलेच की."

"किती सोडले असतील तुम्ही? सव्वीस वर्षांत."

"असं कुणी मोजतं का?"

"आणि तिने ही अक्षरं का दिली?" मी विचारलं. "या तीन अक्षरांत अर्धे शब्द तिथलेच आहेत. तिला कळलं नसेल?"

"एस आणि टी ती कधी एकत्र द्यायची नाही. एक तारखेला फळ्यावर बघून मीच चमकले. विचारणार होते. ताप होता तिला त्या दिवशी. ऑटोतसुद्धा शाल घेऊन बसली होती."

यापुढे आम्ही त्यावर बोललो नाही. बोलून काही कळलं नसतं.

"मग जाऊ मी तिच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"नको. मी जातो."

कांचन देवतळे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होती. दारात मला बघून तिने ओढणी सारखी केली. मी नाव सांगितल्यावर तिला कळलं. "काका, बसा ना. मी येणार होते तुमच्याकडे, पण ओळख नाही, म्हटलं कसं जावं."

मी तिला सगळं सांगितलं. पुस्तक, टेप, ओव्हन, सोळा पानं, संक्रांत.

"म्हणजे माझे शब्द बरोबर आहेत?"

"बरोबर आहेत."

"अन् ते खोडणार?"

"नाही. पण तुम्ही एकट्याच लिहिलेत. बाकीच्यांना ते येत होते, त्यांनी माझ्यामुळे लिहिले नाहीत. मी सगळ्यांना याद्या परत देणार आहे. राहिलेले लिहा म्हणणार आहे."

ती म्हणाली, "मग तर मी हरते ना काका! त्या सगळ्या एवढ्या वर्षांच्या पक्क्या. मी पहिल्यांदा काही जिंकून राहिली होती इथं."

"हो," मी म्हणालो. "हरू शकता."

"तुम्ही खोटं तरी बोलायचं जरा." ती हसली, मग हसायची थांबली. "बरं, द्या. पण मलाही आठ दिवस द्या. अन् तपासायला माझी डिक्शनरी घेऊन जा. कॉलेजची आहे, पूर्ण आहे. मी पानं मोजून देते."

तिने खरंच माझ्यासमोर त्या भागाची पानं मोजली.

पुढचे चार दिवस मी याद्या घेऊन फिरलो. सोळा घरं होती, काही टाउनशिपमध्ये, काही अवधपुरीत, एक पार शहराच्या दुसऱ्या टोकाला करोंदला. प्रत्येक दारात तेच सांगायचं. पुस्तकात पानं नाहीत, मला आता कळलंय, सोडलेले शब्द लिहून द्या. काहीजणी रडल्या. मी उभा राहायचो आणि त्यांचं झालं की यादी द्यायचो. एकीने मलाच विचारलं, "आता कशाला भाऊजी? आता कुणासाठी?" मी म्हणालो, निकाल लावायचाय.

शकुंतलाबाईंनी यादी हातात घेतली नाही.

"मी लिहिणार नाही."

"चव्वेचाळीसवर राहाल तुम्ही. डबा जाईल."

"जाऊ दे. घरात डबे काय कमी आहेत? पुस्तकात नाही तो शब्द नाही, असं तिने सांगितलंय मला. स्टार्टवरून पहिलं भांडण मीच केलं होतं, पहिला शब्द मीच दिला होता तिला. तुम्ही येऊन तो मोडायला सांगताय?"

"हो."

"तुम्ही सांगा. मी मोडत नाही." मग त्यांनी मला थालीपीठ खायला लावलं. मी दोन खाल्ली. तिखट होतं असं त्या म्हणाल्या.

इंदुमतीबाईंनी माझ्यासमोरच लिहिलं. चष्मा लावला, यादी गुडघ्यावर घेतली आणि खाली मान घालून लिहीत गेल्या. आठवायला थांबल्या नाहीत, बोटांवर मोजलं नाही. आपला फोन नंबर लिहावा तसं. एकोणतीस शब्द झाल्यावर पेनाला टोपण घातलं.

"हे सगळे तयार होते?" मी विचारलं.

"दर महिन्याला आधी ते आठवायचे," त्या म्हणाल्या. "मग ते बाजूला काढायचे आणि उरलेले लिहायचे. सवय असते हो."

पंधरा याद्या परत आल्या. मी कांचनच्या डिक्शनरीत एकेक शब्द बघितला. तिच्या यादीवर मी मारलेल्या अकरा रेघा रबराने पुसल्या. खुणा राहिल्या. मग ठिपके दिले. तिने आठ दिवसांत आणखी सात शब्द शोधले होते.

तेरा फेब्रुवारीला रविवार होता. मी सकाळी दहाला वाचनालयात गेलो. विश्वनाथ माट्यांनी दार उघडून ठेवलं होतं. दहा-बारा जणी आल्या होत्या. मी फळ्यावरची तीन अक्षरं तशीच ठेवली आणि खाली निकाल लिहिला. इंदुमती पळसोकर, सत्तर. कांचन देवतळे, पासष्ट. मग बाकीच्या. शकुंतला केळापुरे, चव्वेचाळीस, शेवटून दुसऱ्या.

"पाचाने डबा गेला ना," कांचन मागून म्हणाली.

"पुढच्या वेळी बघ," कुणीतरी तिला म्हणालं, आणि मग पुढची अक्षरं लिहायला कुसुम नाही हे सगळ्यांच्याच लक्षात आलं.

फळ्यावर एका ओळीची जागा होती. तिथे तिची ओळ यायची. मी खडू धरून उभा राहिलो. ती ओळ मला लिहिता येईना, कारण हा निर्णय त्या पुस्तकाचा नव्हता. मी लिहिलं:

आमच्या पुस्तकात सोळा पानं नव्हती. ते मी बांधलं होतं. चूक माझी. बाळकृष्ण मुळ्ये.

मी खडू ठेवला आणि हात झटकले. इंदुमतीबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं वाचलं.

"कुसुमला हे आवडलं नसतं, भाऊजी," त्या हळू म्हणाल्या. "एवढं जपलं तिने."

"नसतं आवडलं," मी म्हणालो.

शकुंतलाबाई मागे खुर्चीवर बसून होत्या. त्या फळ्याकडे बघत नव्हत्या. विश्वनाथ माट्यांनी डबा इंदुमतीबाईंच्या हातात दिला आणि कुणी टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना, म्हणून कुणी वाजवल्या नाहीत. मी कांचनची डिक्शनरी तिला परत दिली आणि बाहेर येऊन चपला घातल्या.